म्हातारपणाची शिदोरी आणि कागदावरचे शब्द

चंदीगड शहरात पत्ता सांगण्याची रीत मोठी सोपी आहे. ल कार्बूझिए ह्यांच्या आराखड्याप्रमाणे वसलेल्या ह्या नगरीत गल्लीबोळांची नावे पाठ करावी लागत नाहीत. सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा सांगितला की पाहुणा न चुकता दाराशी येतो. सेक्टर ३९ हा त्यांतलाच एक. सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था ही मोठी संशोधनसंस्था येथे आहे. माझे मामा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले ते ह्याच सेक्टरमध्ये स्थिरावले. ज्या शहरात घरेदेखील अनुक्रमांकाने उभी आहेत, त्या शहराचे वळण मामांच्या कागदपत्रांनाही लागले होते. निळ्या फायलीत एकेक कागद क्रमवार लावलेला, वर अनुक्रमणिका, आणि शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात एक वाक्य : ‘सर्व ठिकाणी वारस लावले आहेत. चिंता नसावी.’

२०२३ च्या डिसेंबरात एका पहाटे मामांना अर्धांगाचा झटका आला. तीन आठवडे ते शुद्धीवर नव्हते. त्या तीन आठवड्यांत मामीने आणि मामेभावाने ती निळी फाईल अनेक वेळा उघडली, आणि दर वेळी तिच्यातला एकेक कागद निरुपयोगी ठरत गेला. कागद खोटे नव्हते. त्यांवरच्या शब्दांचे अर्थ मामांनी समजले होते त्याहून निराळे होते, एवढेच.

वाचकहो, ह्या लेखात माझाही एक कबुलीजबाब आहे. मी व्यवसायाने अनुवादक. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करताना ‘नॉमिनी’ ह्या शब्दाला मी ‘वारस’ असा प्रतिशब्द दिला. वाक्य गोड झाले, छापूनही आले. मामांनी भाचीचे काम म्हणून ते पत्रक जपून ठेवले आणि त्यावर विश्वास ठेवला. एका शब्दाची चूक घराच्या उंबरठ्यापर्यंत कशी येते, हे मला त्या फायलीने शिकविले. म्हणून म्हातारपणाच्या शिदोरीत जे शब्द हटकून येतात, त्यांचे अर्थ आपण आज एकत्र बसून नीट लावून घेऊ. ह्या सर्व शब्दांच्या मुळाशी चारच प्रश्न आहेत : मी असमर्थ झालो तर माझ्या वतीने सही कोण करील? दवाखान्याचा खर्च कोण देईल? माझ्या उपचारांविषयी कोण बोलेल? आणि माझ्यामागे जे उरेल ते कोणाचे?

सही कोणाची?

मामांनी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले होते, तेही नोंदणी करून. मुखत्यारपत्र म्हणजे ‘माझ्या वतीने अमुक कामे अमुक व्यक्तीने करावीत’ असा दिलेला अधिकार. मामेभाऊ ते घेऊन बँकेत गेला. तेथील अधिकाऱ्याने आस्थेने विचारपूस केली आणि एकच प्रश्न विचारला, “वडील शुद्धीवर आहेत का?” उत्तर ऐकल्यावर त्याने कागद परत केला.

त्या अधिकाऱ्याचे चुकले नव्हते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाप्रमाणे, अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मन व्यवहार समजण्याजोगे राहिले नाही, की त्याने दिलेला अधिकारही संपतो. काही परदेशांत माणूस असमर्थ झाल्यावरही टिकून राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. अर्थात मुखत्यारपत्र हे प्रवासात असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या पण शुद्धीवर असलेल्या माणसाच्या उपयोगाचे आहे. बेशुद्ध माणसाच्या नव्हे. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णाच्या वतीने व्यवहार करायचा तर नातेवाइकांना पालक म्हणून नेमणूक करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाकडे जावे लागते. त्यात वेळ जातो आणि पैसाही.

मुखत्यारपत्राने घराची मालकीही बदलत नाही. चंदीगडच्या आसपास आणि अन्यत्रही पुष्कळ घरे केवळ मुखत्यारपत्रावर ‘विकली’ गेली. हरियाणा राज्याविरुद्धच्या सूरज लॅम्प ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट सांगितले की, अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

मग उपाय कोणता? तो इतका साधा आहे की मामांना तो सुचलाच नाही. निवृत्तिवेतन जमा होते ते खाते पतिपत्नींच्या संयुक्त नावे असावे, आणि त्यावर ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात राहील तो’ अशी सूचना नोंदविलेली असावी. मामांचे खाते त्यांच्या एकट्याच्या नावे होते. निवृत्तिवेतन महिन्याच्या महिन्याला जमा होत होते आणि मामी शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेत होती. आणखी एक गोष्ट ठाऊक असू द्या : खातेदार शुद्धीवर आहे पण त्याचा हात चालत नाही, अशा वेळी दोन साक्षीदारांसमक्ष अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे देण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली आहे. त्या दोघांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

दवाखान्याचा खर्च

आरोग्यविम्याचे कागद बारीक अक्षरांत असतात. परंतु त्यांतले पाच-सहा शब्द कळले तरी पुष्कळ काम होते.

‘पूर्वीचा आजार’ म्हणजे विमा घेण्याआधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार. अशा आजारावरील खर्च काही काळ मिळत नाही; त्या काळाला ‘प्रतीक्षाकाल’ म्हणतात. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून ह्या प्रतीक्षाकालाची कमाल मर्यादा ३६ महिने केली आहे. त्याच नियमांनी ६५ वर्षांनंतर नवा विमा न देण्याची जुनी वयोमर्यादाही उठविली. हप्ते ६० महिने अखंड भरले असतील, तर ‘तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता’ एवढ्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही; हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणून अर्ज भरताना आजार लपवू नये. आज वाचविलेला शब्द उद्या नाकारलेल्या दाव्याचे कारण होतो.

‘को-पेमेंट’ म्हणजे बिलातला ठरावीक हिस्सा आपण भरण्याची अट. वीस टक्के को-पेमेंट असेल, तर एक लाखाच्या मान्य बिलापैकी वीस हजार आपल्या खिशातून जातात. वृद्धांच्या विम्यात ही अट वारंवार आढळते. ‘खोलीभाड्याची मर्यादा’ ही त्याहून फसवी. ठरलेल्या भाड्यापेक्षा महाग खोली घेतली, तर केवळ भाड्याचा फरकच नव्हे, तर त्या खोलीशी निगडित इतर आकारांचाही हिस्सा कापला जाऊ शकतो. ‘कॅशलेस’ म्हणजे फुकट नव्हे. कंपनीने मान्य केलेली रक्कम ती परस्पर रुग्णालयाला देते, बाकीची आपल्याकडून घेतली जाते. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, हाही थोडा दिलासाच.

सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकासाठी, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे दार उघडले आहे. त्यात रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. घरात पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर हे पाच लाख दोघांत मिळून असतात. रोजची औषधे, बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, घरी ठेवलेली परिचारिका हे खर्च ह्यात येत नाहीत. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे सीजीएचएसचे, किंवा माजी सैनिकांच्या योजनेचे लाभार्थी असाल, तर दोहोंपैकी एकच निवडावी लागते. निवड करण्यापूर्वी दोन्हींची तुलना करावी. कारण सीजीएचएसमध्ये दवाखान्यातील नित्याची तपासणी आणि औषधे मिळतात, तर आयुष्मानचा भर रुग्णालयातील मोठ्या उपचारांवर आहे. खाजगी विमा असलेल्यांना मात्र तो ठेवूनही ह्या योजनेचा लाभ घेता येतो.

शुश्रूषेचे शब्द

रुग्णालयातून घरी पाठविताना मिळणारा ‘डिस्चार्ज’चा कागद ही पुढच्या शुश्रूषेची कुंडली होय, तो हरवू नये. घरी मदतनीस ठेवताना परिचारिका आणि आया ह्यांतला भेद ओळखावा. इंजेक्शन देणे, जखम बांधणे, नळी बदलणे हे शिकलेल्या परिचारिकेचे काम. अंग पुसणे, भरविणे, कूस बदलणे हे आयेचे. दोन्ही कामे मोलाचीच. परंतु एकीकडून दुसरीचे काम करवून घेण्यात रुग्णाला धोका असतो.

‘उपशामक शुश्रूषा’ हा शब्द ऐकला की अनेकांच्या काळजाचा ठोका चुकतो. ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा त्याचा अर्थ लावला जातो. तो खरा नव्हे. दुखणे, धाप, मळमळ, भय ह्यांना उतार पाडणारी ही शुश्रूषा आहे, आणि ती मूळ रोगावरील उपचारांबरोबरही देता येते. महाराष्ट्रात ज्यांना आपण विरंगुळा केंद्रे म्हणतो, ती दिवसा वृद्धांनी एकत्र यावे, बोलावे-बसावे ह्यासाठी असतात; वृद्धाश्रमाशी त्यांची गल्लत करू नये. तेथे गेलेला माणूस संध्याकाळी आपल्याच घरी परततो. मदत कोठे मिळेल हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४५६७ ह्या क्रमांकावर आहे. हा आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

उपचारांविषयी कोण बोलेल?

मामा बेशुद्ध असताना डॉक्टरांनी विचारले, “श्वासाचे यंत्र किती दिवस चालू ठेवायचे, ह्याविषयी त्यांनी कधी काही सांगितले होते का?” मामीने मुलाकडे पाहिले, मुलाने बहिणीकडे. सुदैवाने तो निर्णय घेण्याची वेळ आली नाही. परंतु ती शांतता मी विसरलेले नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रश्नाचा विचार केला. आणि पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने ‘आगाऊ वैद्यकीय निर्देश’, ज्याला बोलीत ‘लिव्हिंग विल’ म्हणतात, त्याला मान्यता दिली. बरे होण्याची आशा नसताना केवळ आयुष्य लांबविणारे उपचार आपल्याला हवेत की नकोत, हे माणूस शुद्धीवर असताना लिहून ठेवू शकतो. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी बोलावे, हेही त्यात लिहायचे असते. आरंभी ह्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावे लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सुलभ झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील न्यायमूर्ती महेश सोनक ह्यांनी स्वतःचे असे निर्देश जाहीरपणे करून लोकांपुढे उदाहरण ठेवले.

ह्या कागदाने डॉक्टरांना एकाएकी यंत्र बंद करता येत नाही. तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांनी रुग्णाला तपासून संमती द्यावी लागते. आणि हे मृत्युपत्रही नव्हे. मृत्युपत्र आपल्या मागे बोलते. हा कागद आपण असतानाच, आपली वाचा गेलेली असता, आपल्यासाठी बोलतो. मनाविरुद्ध कोणी करू नये. पण मुलांशी ह्याविषयी एकदा तरी मोकळेपणाने बोलावे. त्या बोलण्याने अपशकुन होत नाही. उलट मुलांच्या मानेवरचे मोठे ओझे उतरते.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

आता माझ्या चुकीकडे येते. बँकेतील ठेवीवर ज्याचे नाव ‘नॉमिनी’ म्हणून असते, त्याच्या हाती रक्कम सोपविली की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. एवढ्याचसाठी ती नोंद असते. तो नॉमिनी रकमेचा मालक होत नाही. खऱ्या वारसांपर्यंत ती पोहोचविणारा विश्वस्त असतो. पोस्टमनच्या हाती मनीऑर्डर आली म्हणून ती त्याची होत नाही, तसेच हे.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ मध्ये आला तो विमा अधिनियमाच्या कलम ३९ वरून. मामांचा सेक्टरही ३९, योगायोग खरा. पतीने विम्यावर पत्नीचे नाव लावले होते. तो मृत्युपत्र न करता वारल्यावर त्याच्या आईने आणि मुलाने आपापला वाटा मागितला. नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार आहे, वारसांना डावलून ते स्वतःचे करण्याचा नाही, असा निर्णय झाला. विम्यापुरती २०१५ मध्ये दुरुस्ती झाली असून पती-पत्नी, आई-वडील किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानण्याची तरतूद आली. परंतु इतरत्र मूळ तत्त्व कायम आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये निवर्तले. त्यांच्या मालमत्तेतून उद्भवलेल्या दाव्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांचे भाग आणि रोखे ह्यांनाही हेच तत्त्व लावले. ज्यांची दिनदर्शिका घरोघरी भिंतीवर असते, त्यांच्या घरच्या दाव्याने सबंध देशाच्या कायद्यातली शंका फिटली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीवर चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीने लिहिता येतो. ही सोय चांगली. पण चार झाले म्हणून विश्वस्त मालक होत नाहीत.

मग वारस कोण? मृत्युपत्र केलेले असेल, तर त्यात लिहिलेले. नसेल, तर कायदा ठरवील ते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, ह्या सर्वांना स्वकष्टार्जित मालमत्तेत सारखा वाटा मिळतो. मामांची इच्छा अशी की घर मामीचे व्हावे, तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये. फायलीत ती इच्छा कोठेही नव्हती. त्या डिसेंबरात काही बरेवाईट झाले असते, तर मामीचा वाटा एक तृतीयांश एवढाच ठरला असता. मुले गुणी आहेत हे खरे. पण ज्या घराच्या प्रत्येक विटेचा हिशेब जिला पाठ, तिने मुलांच्या गुणांवर विसंबून राहावे का?

मृत्युपत्र करणे कठीण नाही. त्याला मुद्रांकाचा कागद लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. केलेली मात्र बरी, कारण पुढे शंकेला जागा कमी राहते. करणाऱ्याने शुद्धीत, स्वखुशीने सही किंवा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्यावर सही करावी. ज्यांना लाभ मिळणार त्यांना साक्षीदार करू नये, हे शहाणपणाचे. हयात असेपर्यंत ते केव्हाही बदलता येते. शेवटचे तेच खरे धरले जाते.

बक्षीसपत्र : विचार करून

पुष्कळ आई-वडील मृत्युपत्राऐवजी हयातीतच घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मृत्युपत्र आपल्यामागे अमलात येते. बक्षीसपत्र नोंदले की मालकी गेली, आणि मन बदलले म्हणून ती परत येत नाही.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाने येथे एक आधार दिला आहे. स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह होत नसेल, तर आई-वडील मुलगे, मुली आणि सज्ञान नातवंडे ह्यांच्याकडे उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणामार्फत निर्वाहखर्च मागू शकतात. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये आहे. कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन मुलाने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. परंतु ‘अटीवर’ हा शब्द फार महत्त्वाचा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अट दाखविता आली नाही म्हणून, ह्या कलमाचा लाभ नाकारला. उलट २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका आईला तिचे घर परत मिळाले. कारण मुलाने सांभाळ करण्याचे वचनपत्र दिलेले होते. प्रेमाने दिले म्हणून अट लिहिली नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. देऊच नये असे माझे म्हणणे नाही. द्यायचे तर अट लिहून द्यावे.

एका दुपारचे काम

मामा हळूहळू सावरले. उजवा हात अजून पुरता वळत नाही. बुद्धी मात्र पूर्वीसारखीच तल्लख आहे. पुढच्या हिवाळ्यात मी चंदीगडला गेले तेव्हा अंगणातल्या उन्हात बसून आम्ही ती निळी फाईल पुन्हा लावली. खाते संयुक्त झाले. ठेवींवर नॉमिनी म्हणून मामीचे नाव आले. घराचे मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने झाले. नोंदणीही करून घेतली. आगाऊ वैद्यकीय निर्देशांच्या बाबतीत मामा म्हणाले, “मला थोडा विचार करू दे.” तोही त्यांचा हक्कच. पण मुलांना समोर बसवून ते तासभर बोलले, हे थोडे झाले नाही.

वाचकहो, आपणही असाच एक दिवस निवडा. नोव्हेंबर महिना त्यासाठी सोयीचा. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा असतो. ज्या दिवशी ‘मी हयात आहे’ असे सरकारला कळवाल, त्याच दिवशी घरच्या कागदांकडेही एक दृष्टी टाका. खाते कोणाकोणाच्या नावे आहे, विम्यात को-पेमेंट किती, नॉमिनी कोण, मृत्युपत्र कोठे ठेवले आहे, एवढे प्रश्न पतीने पत्नीला आणि पत्नीने पतीला विचारावेत. दोघांनाही उत्तरे ठाऊक असतील तरच फाईल पुरी झाली असे समजावे.

मामांच्या फायलीच्या शेवटच्या पानावरचे वाक्य मीच खोडले. चूक माझी होती. त्याखाली मामांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत, नवे वाक्य लिहिले आहे : ‘सर्व कागद हिला वाचून दाखविले आहेत.’